पलंगासमोरचा आरसा

ज्याच्या प्रकाशावाचून डोळाही आंधळा आणि आरसाही आंधळा, जो सर्वांना पाहतो आणि ज्याला पाहायला कुठलीही काच पुरी पडत नाही, त्या दयाघनाच्या कृपेने माझा हात अजून स्थिर आहे आणि बुद्धी अजून जागेवर आहे. त्याला वंदन करून विषयाला हात घालतो.

प्रिय चिमे,

तू मला बोलावलं आहेस. भाचीने फोनवर तुझा निरोप सांगितला: "मामा, आई रोज विचारते, दादा आला का? एकदा तरी ये ना रे." येणार की नाही, याचं उत्तर मी या पत्राच्या शेवटी देणार आहे. मधलं गाळून शेवट आधी ऐकायची तुझी लहानपणापासूनची खोड मला ठाऊक आहे, म्हणून काहीही न गाळता, ओळीने वाचायचा शब्द मी नर्सबाईंकडून घेतला आहे. तुला कागद डोळ्यांसमोर धरता येत नाही; त्या वाचतील, तू ऐकशील. काल तुला तपासणीसाठी इस्पितळात नेलं होतं तेव्हा दोन माणसं समोरच्या भिंतीवर काहीतरी टांगून गेली आणि त्यावर पांढरी चादर घातलेली आहे. ते काय आहे, हे तू सकाळपासून विचारत असशील. त्याचाही उलगडा शेवटीच होईल.

तुझ्या अपघाताची हकीकत भाचीकडून कळली. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, आरसा कुठे लावायचा ते तू कामगारांना दाखवत होतीस. "अजून थोडा वर घ्या, उंच माणसाचं डोकं कापलं जाता कामा नये," असं म्हणत, स्वतःचं डोकं पुरतं दिसतं का हे पाहायला तू एक पाऊल मागे घेतलंस, आणि मागे जिना होता. आरशात तो जिना तुला दिसत असणार. तू स्वतःकडे पाहत होतीस. यात मी दैवाचा हात शोधत नाही. दुसऱ्याच्या पडण्यात दैव पाहणं हा उथळ माणसाचा विरंगुळा आहे. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, तू पूर्वीसारखी चालशील, फक्त तोवर मान हलता कामा नये. माझीही तीच प्रार्थना आहे, आणि ती मनापासून आहे. या पत्रात जे आहे ते मरणाऱ्या माणसाला लिहिण्याजोगं नाही. ते बऱ्या होणाऱ्या माणसालाच लिहावं लागतं.

तू ज्या खोलीत पडली आहेस ती खोली मला पाठ आहे. अरुंद, लांबट, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंत. पलंगाचं उसं दाराकडे, पाय भिंतीकडे. झोपणाऱ्याचे पाय दाराकडे असू नयेत, हा तुझ्या घरमांडणीच्या शास्त्राचा नियम. तो तू लोकांना जसा सांगतेस तसा स्वतःही पाळतेस, हे मी मान्य करतो. पण त्यामुळे तुला दिसतं ते एवढंच: छत, पंखा, खिडकीच्या पडद्याची वरची पट्टी आणि समोरची कोरी भिंत. दार डोक्यामागे. बिजागरी वाजते, कुणीतरी आत येतं, आणि ते पुढ्यात येऊन वाकून तोंड दाखवीपर्यंत ते कोण हे तुला कळत नाही. मग तू विचारतेस, "कोण?" त्या "कोण"मधली धास्ती मला ठाऊक आहे. याच पलंगावर, असंच उताणं पडून, याच छताकडे पाहत अण्णा तेच विचारत असत.

अण्णांचं दुकान आठव. दोन खुर्च्या, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाकडं, कातऱ्या-वस्तऱ्यांची फळी, आणि तिच्यावर तो रुंद लाकडी चौकटीचा आरसा. आपले अण्णा न्हावी होते. उभ्या आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलणं असं केलंच नाही. ते उभे राहत माणसाच्या पाठीशी आणि बोलत आरशातल्या माणसाशी. दार त्यांच्याही मागेच होतं. पण कोण आलं हे त्यांना मान न वळवता कळत असे. "या वकीलसाहेब, पाय ओढत आलात, आज कोर्टात मार बसलेला दिसतोय," असं म्हणून ते इकडे तिसऱ्याचीच दाढी करत असत, आणि आख्खं बाकडं हसायचं. एकदा मी विचारलं, "चेहरा दिसायच्या आधी कसं ओळखता?" तर म्हणाले, "चेहऱ्याचं काय सांगतोस? चेहरे मी रोज बदलून देतो. चाल मात्र ज्याची त्याला."

तुलाही ते दुकान आठवत असेल, पण वेगळं. मी वरच्या खोलीत बसून पाठ म्हणत असे आणि तू शाळेतून आलीस की खाली केस झाडत असायचीस. थोरला शास्त्री होणार, हे अण्णांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तू काय होणार, हे कुणी तुला विचारलंही नाही. हा सल खरा आहे आणि मी तो कधी नाकारला नाही. तुझी नजर माझ्यापेक्षा तल्लख होती, हेही तेव्हापासूनचं सत्य आहे. आरसा थोडा कलता केला तर बाकड्यावरच्या लोकांनाही आपलं तोंड दिसेल, आणि स्वतःला न्याहाळत बसलेला माणूस उशीर झाला म्हणून कुरकुरत नाही, हे तू एवढीशी असताना अण्णांना सांगितलंस. त्यांनी आरसा कलता केला आणि खरोखर बाकड्यावरची कुरकुर थांबली. दिवसभर येईल त्याला सांगत होते, "पोरगी डोकं चालवते हो, थोरला नुसता पोथी चालवतो." मी वरून ऐकत होतो. मला राग आला नाही. मला वाटलं, आता तुझं पोट भरलं असेल. नव्हतं भरलं.

पुढे तू वारा आणि पाण्याचं ते परदेशी शास्त्र शिकलीस, घरोघरी आरसे लावू लागलीस, आणि तुझं नाव झालं. मी कधी त्याची टवाळी केली नाही. आयुष्यभर मी धर्मग्रंथांची मुद्रितं तपासली. ज्याने एखाद्या शास्त्रापुढे मान तुकवली आहे त्याने दुसऱ्याच्या शास्त्राला हसू नये, असं मी मानत आलो. मुख्य दारासमोर आरसा नको, आलेलं भाग्य उंबऱ्यावरूनच परत फिरतं. जेवणाच्या टेबलाशेजारी हवा, ताटातलं अन्न दुप्पट होतं. आरशात आरसा दिसू नये, घरातल्यांचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. आणि सर्वांत वरचा नियम: पलंगासमोर आरसा कधीही नको, तो झोपलेल्या माणसाचं तेज ओढून घेतो. एकदा तू त्या डेंटिस्टबाईंच्या दवाखान्यात एकच आरसा हलवलास आणि त्या म्हणाल्या, पेशंट आता खुर्चीत शांत बसतात. मला लगेच बाकडं आठवलं. मी मनात म्हटलं, हिने अण्णांचंच दुकान मोठं केलं. मला तुझा अभिमान वाटत होता, चिमे. हे वाक्य नर्सबाईंनी दोनदा वाचलं तरी चालेल.

मग अण्णांना झटका आला. मान वळेना, उजवा हात उचलेना, ऐकू तर आधीपासूनच कमी. पण सर्वांत विचित्र ते वेगळंच होतं: त्यांना चेहरे ओळखू येईनासे झाले. समोर माणूस उभा राहिला तर नाक, डोळे, मिशी, सगळं दिसे, पण हा कोण हे जुळत नसे. माझ्या तोंडाकडे पाहून ते अदबीने हसत, जसे नव्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसायचे. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, पण त्यांची बुद्धी गेलेली नाही, ओळखीची तेवढी एक वाट बुजली आहे. तेव्हा मला त्यांचं चालीबद्दलचं बोलणं आठवलं. बंद पडलेल्या दुकानातून मी तो आरसा आणला आणि पलंगाच्या पायथ्याच्या भिंतीवर टांगला, असा की त्यांना त्यात डोक्यामागचं दार आणि पुढची वाट थेट बाहेरच्या दरवाज्यापर्यंत दिसावी. मी बाहेर गेलो, चपला काढल्या आणि चालत आत आलो. अण्णा आरशात पाहत होते. म्हणाले, "काय रे थोरल्या, डावी टाच घासतोस अजून. मोची बदल." मी दारातच खाली बसलो आणि रडलो, आणि आरशात मला रडताना पाहून ते म्हणाले, "अरे, मोचीच बदल म्हटलं, बाप नाही."

तेवढा आरसा हे त्यांचं उरलेलं जग होतं. दूधवाला, शेजारीण, डॉक्टर, जो येईल त्याला ते आरशातूनच "या, बसा, तुमचाच नंबर" म्हणत. तुलाही ओळखलं होतं त्यांनी, पहिल्याच दिवशी. "चिमी आली. अजून धावतच येते, जिंकायचंय ना हिला." ते ऐकून तू हसली नाहीस, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तू राहायला आलीस त्याच आठवड्यात मी मुद्रितं पोचवायला छापखान्यात गेलो होतो. परत आलो तर आरसा मागच्या गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून उभा. मी तो उचलून पुन्हा आत आणू लागलो तेव्हा तू दारात आडवी झालीस. मी तुला सगळं समजावलं: चेहरे, चाल, दार, सगळं. तू म्हणालीस, "दादा, तुझं शास्त्र पोथीत असतं, माझं घराघरांत चालतं. पलंगासमोरचा आरसा अण्णांना खातोय. लाव तू खुशाल. पण उद्या ते गेले तर दादाने मारलं असं मी चारचौघांत सांगेन." शेजारीण ऐकत होती. ज्याच्यावर वडिलांना मारल्याचा आरोप होऊ शकतो असा मुलगा काय करील? मी आरसा खाली ठेवला. मला वाटलं, बहीण श्रद्धेने बोलते आहे. श्रद्धेपुढे माझा वाद आयुष्यभर थांबत आला आहे.

आरसा गेला आणि अण्णांच्या खोलीत येणारा प्रत्येक जण परका झाला. कोण आलं हे त्यांना कुणीतरी कानाशी ओरडून सांगावं लागे, आणि त्या कानाशी खुर्ची तुझी होती. मी उशाशी उभा राहून त्यांना बगलेत हात घालून उचलत असे, कूस बदलत असे, अंग पुसत असे, चादर काढत असे. ते माझे हात थोपटून म्हणत, "पाहुणे, जरा दमानं. तुमच्या हाताला वळण आहे हो. घरी वडील आहेत का तुमचे?" मी पुढ्यात जाऊन, त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अण्णा, मी थोरला!" तर ते केविलवाणं हसले. "थोरला माझा गेला हो सोडून. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही तसं म्हणता, कळतं मला. भले आहात." मी रोज ओरडलो आणि रोज हेच ऐकलं. मला वाटलं, रोग वाढतो आहे. ओळखीची ती वाट आता मनातही बुजली. डॉक्टरांनाही काही उलगडेना. आपला मुलगा सोडून गेला, हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून, हा प्रश्न मी सर्वांना विचारला. तुलाही विचारला. तू म्हणालीस, "म्हातारपण आहे, दादा. मनावर घेऊ नकोस."

ते गेले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे तुझ्याकडे होते. शेवटचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं: "चिमे, तूच गं माझा थोरला." मग त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, "पाहुण्यांना चहा दे." एका पित्याने आपल्या मुलाला निरोप दिला तो असा.

इथवरचं सगळं मी तुला माफ केलं होतं, कारण त्यामागचं खरं मला ठाऊकच नव्हतं. तू व्याख्यानं देऊ लागलीस आणि प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात अण्णांच्या आरशाने करू लागलीस, हे माझ्या कानांवर आलं होतं. "मी वडिलांच्या पलंगासमोरचा आरसा काढला आणि ते किती शांतपणे गेले. त्या दिवसांत घरात मी एकटीच होते." लोक टाळ्या वाजवतात म्हणे. मी मनाची समजूत घातली की व्यासपीठावर माणूस थोडं सोपं करून सांगतो. पण तू पडलीस, आणि भाचीचा फोन आला. ती घाबरली होती, रडत होती, आणि भरात बोलून गेली. "मामा, आई आता आजोबांसारखीच पडली आहे रे. मला सारखं तेच आठवतं. मी पलंगाखाली खेळायचे ना, तेव्हा आई आजोबांच्या कानाशी ओरडून सांगायची, दादा गेला, त्याला तुमचा कंटाळा आला, हा ठेवलेला माणूस आहे. तो थोरला आहे म्हणेल, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तू घरात नसायचास तेव्हा. मला वाटायचं, हा आई आणि आजोबांचा काहीतरी खेळ आहे."

म्हणजे आरसा तू शास्त्रासाठी काढला नव्हतास. आरशात मी दिसत होतो, म्हणून काढलास. धावत आलीस आणि जिंकलीस. अण्णांनी तुला कधी न दिलेली पदवी तू त्यांच्याकडून घेतलीस, आणि ती मिळावी म्हणून त्या बिचाऱ्याला शेवटचे दिवस पोटच्या मुलाने टाकलेला बाप म्हणून जगवलंस. माझं काय केलंस ते मी बाजूला ठेवतो. मी समोर होतो, मला निदान ठाऊक होतं की मी आहे. पण ते छताकडे पाहत दिवसचे दिवस पडून राहत, आणि त्या छतावर त्यांना काय दिसत असेल ते आता मला दिसतं.

तू म्हणशील, दादा शास्त्री आहे, क्षमा करील. मी ज्या ग्रंथांच्या सहवासात जन्म घालवला त्यांत क्षमेची स्तुती जागोजाग आहे. तुझ्यासाठी मी ती सगळी स्थळं पुन्हा काढून वाचली. क्षमा हे दान आहे, आणि दानाला घेणारा हात लागतो. न मागता दिलेली क्षमा म्हणजे अपराध्याच्या दारात टाकलेली वस्तू, तो ती पायाने सारतो. तिथेच दंडाचाही विचार आहे, आणि तो मला अधिक उपयोगी पडला: दंड अपराधाच्या मापाचा असावा. कमी असेल तर तो अपराध्याला उद्दाम करतो, जास्त असेल तर देणाऱ्याला बाटवतो. मी ते माप पाळलं आहे. तुला उपाशी ठेवलेलं नाही, तुझ्या औषधात अंतर पडू दिलं नाही, तुझ्या शरीराला वेदना होईल असं काही केलं नाही. उलट केलं, ते आता ऐक.

तुझी कूस बदलताना एकाने डोकं आणि खांदे उशाकडून स्थिर धरावे लागतात, तेव्हाच बाकीचे तुला वळवू शकतात. आधीचा माणूस ते नीट करत नव्हता. तू त्याच्यावर खेकसलीस, तो गेला आणि त्याच्या जागी एक काका आले. हातात मोजे, तोंडावर मास्क, बोलणं नाही. नर्सबाईंनी सांगितलं, "काका मदतीला आलेत, ते बोलत नाहीत." तू म्हणालीस, "मुके आहेत का? बरंय बाई, डोक्याला ताप नाही." पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, "काका, हात फार छान आहेत हो तुमचे. आधीचा मेला पोतं उचलल्यासारखा उचलायचा. घरी कुणाचं केलंत का असं कधी?" चिमे, घरी अण्णांचं केलं होतं. तो मी होतो. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तुझं डोकं ज्यांच्या तळहातांत असे, ते तळहात माझे होते. तू भाचीला फोनवर विचारत होतीस, दादा आला का, आणि मी तुझ्या उशाशी उभा राहून तुझी उशी सारखी करत होतो.

नर्सबाईंवर रागावू नकोस. मी तुझा भाऊ असल्याचं त्यांना सांगितलं होतं आणि इतकंच म्हणालो होतो की माझा आवाज ऐकून तू मान वळवलीस तर घात होईल. ते खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तेव्हा "चिमे" ही हाक ओठांपर्यंत आली होती, हेही खोटं नाही. मी थांबलो. म्हटलं, हिच्या तोंडून एकदा तरी खरं निघू दे. कुणापाशीही निघू दे, त्याच क्षणी मी मास्क काढून पुढ्यात येईन. मग डेंटिस्टबाई तुला भेटायला आल्या. त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ येतात की नाही बघायला?" तू म्हणालीस, "कसला येतोय. अण्णांच्या वेळीही असाच. शेवटचे दिवस मी एकटीने काढले, हा पोथ्यांत. एकदा डोकावला नाही." तुला कूस बदलून हवी होती म्हणून त्याच वेळी तुझं डोकं माझ्या दोन्ही हातांत होतं. मी ते तसूभर हलू दिलं नाही. परमेश्वर पाहत होता, आणि पुढे मला त्याच्यासमोर उभं राहायचं आहे. पण तुझं उत्तर मला मिळालं होतं. त्या दिवसानंतर काकांचं येणं बंद झालं, ते तू विचारलंसही. त्यांच्या जागी मी स्वतः शिकवून तयार केलेला माणूस येतो. त्याच्या हाताला वळण आहे, काळजी नसावी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नर्सबाई, कृपा करून भिंतीवरची चादर ओढा. चिमे, हा दुकानातला आरसा आहे. गॅलरीतून मी तो माझ्या खोलीवर नेला होता, इतकी वर्षं तो तिथे कापडात गुंडाळून होता. त्याचा मागचा पारा मी पुन्हा चढवून घेतला, चौकट पुसून घेतली. तुझे बाकीचे सगळे नियम मी पाळले आहेत: काच तडकलेली नाही, त्यात दुसरा आरसा दिसत नाही, कुणाचंही डोकं कापलं जात नाही. मोडला आहे तो एकच. त्यात तुला तुझ्या डोक्यामागचं दार आणि पुढची वाट थेट बाहेरच्या दरवाज्यापर्यंत दिसेल. आता "कोण?" असं विचारायची वेळ तुझ्यावर येणार नाही. भाची येईल, डेंटिस्टबाई येतील, डॉक्टर येतील. तू अण्णांची मुलगी आहेस, बघता बघता चालीवरून ओळखू लागशील. त्या वाटेवर डावी टाच घासत चालणारा माणूस मात्र तुला कधीही दिसणार नाही. मी येणार नाही. आज नाही, तू बरी झाल्यावर नाही, माझ्या हयातीत नाही. मी येऊन गेलो आहे. अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही की मी तिथे होतो. तुला ते कळलं आहे, आणि तेवढ्याचसाठी मी हे पत्र लिहिलं: रिकाम्या दाराकडे पाहताना तुला ते ठाऊक असावं. आरसा नको असेल तर तो काढायचीही सोय मी केली आहे. भाचीला एवढंच सांगायचं की अण्णांचा का काढला होता. तिने ते तुझ्या तोंडून ऐकलं की ती स्वतः खिळे उपटील. ते जमत नसेल, तर आरसा राहील, आणि दार दिसत राहील.

नर्सबाईंना, मागाहून हे पत्र हाती घेणाऱ्या भाचीला, आणि पुढे ज्या कुणाच्या नजरेखालून हा कागद जाईल त्या सर्वांना माझा आशीर्वाद आहे: तुमच्या उशाशी उभं असलेलं माणूस तुम्हाला वेळेवर ओळखू येवो, ते कोण हे तुमच्या कानाशी सांगणारं तोंड खरं असो, आणि तुमच्या दारातून ज्यांनी यायला हवं ते सारे, तुमचे डोळे उघडे असतानाच, चालत आत येवोत.

तुझाच,
दादा